पावसाळ्यात कबुतराचे पिल्लू वाढीत मागे पडते: वयाच्या दिवसावरून कारण शोधण्याची रीत

कोकणपट्टीत कबुतरे पाळणाऱ्यांच्या ढाबळीत एक तक्रार दर वर्षी मृग लागल्यानंतर परत येते. जोडी निरोगी असते, अंडी दोन असतात, दोन्ही वेळेवर फुटतात, आणि तरीही दुसऱ्या आठवड्यात पाहावे तर एक पिल्लू घरटे भरून बसलेले असते आणि दुसरे त्याच्या पंखाखाली मावेल एवढेच राहिलेले असते. कधी दोन्ही पिल्ले सारखीच खुरटतात, त्यांच्या छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागते, पिसांच्या नळ्या उघडत नाहीत आणि पाय अंगाखाली टिकत नाहीत. मग बाजारातून एखादे टॉनिक येते, पाण्यात चार थेंब पडतात, पिल्लू वाचले तर श्रेय औषधाला मिळते आणि मेले तर दोष पावसाला. पुढच्या खेपेला तेच घडते, कारण मूळ कारण कोणी शोधलेलेच नसते.

माझी ढाबळ गुहागरच्या बाजूला नारळ-पोफळीच्या वाडीत आहे आणि होमर व गिरेबाज अशा दोन्ही जातींच्या जोड्या तीत आहेत. बरीच वर्षे मीही औषधाच्याच वाटेने गेलो. नंतर एक साधी गोष्ट लक्षात आली की कबुतराच्या पिल्लाचे अन्न पहिल्या महिन्यात तीनदा बदलते, आणि म्हणून त्याची वाढ नेमकी कोणत्या दिवशी थांबली हे कळले की कारण कुठे शोधायचे तेही बहुतेक वेळा कळते. चौथ्या दिवशी थांबलेल्या पिल्लाचे दुखणे वेगळे असते आणि सोळाव्या दिवशी थांबलेल्याचे वेगळे. दोघांना एकच उपाय करणे म्हणजे औषध वाया घालवणे आहे. पुढे जे लिहिले आहे ते याच क्रमाने लिहिले आहे, मात्र ज्या टप्प्यावर आपल्याकडे सर्वांत जास्त पिल्ले अडतात त्याला अधिक जागा दिली आहे.

आधी वजन करा

स्वयंपाकघरात मिळतो तसा एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा पुरेसा आहे. दोन्ही पिल्लांचे वजन रोज सकाळी, मायबापांनी पहिले भरवण्यापूर्वी करावे, कारण भरलेल्या अन्नपिशवीचे, म्हणजे गळ्याखालच्या दाणा साठवणाऱ्या पिशवीचे, वजन मोठे असते आणि संध्याकाळी केलेले वजन फसवते. मध्यम बांध्याच्या जातीचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा साधारण 15 ते 20 ग्रॅमचे असते, पहिल्या दोन दिवसांत त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि तीन आठवड्यांत ते जन्मवजनाच्या सुमारे वीसपट होते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या जिवाला एक दिवसाचा खंडही पडता कामा नये. तिसऱ्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत ज्या सकाळी काटा आदल्या दिवसाच्या आकड्यावर अडकलेला दिसेल, ती तारीख लिहून ठेवावी. माझ्याकडे प्रत्येक घरट्याच्या वर एक पुठ्ठा टांगलेला असतो आणि सगळा शोध त्या पुठ्ठ्यापासून सुरू होतो.

त्याच वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. पिल्लाचे तोंड उजेडात उघडून घशात पिवळसर, चिजासारखा थर आहे का हे तपासावे. तो असेल तर तो ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्मजीवाचा रोग आहे, मायबाप भरवताना तो पिल्लाला देतात आणि तो आहाराने बरा होत नाही. दुसरे म्हणजे, सकाळीही अन्नपिशवी घट्ट भरलेली असेल व तोंडाला आंबूस वास येत असेल, किंवा ढाबळीतल्या मोठ्या पक्ष्यांपैकी कोणी मान पिळत असेल अथवा हिरवे पातळ हगत असेल, तर दाण्यात फेरफार करत बसू नये. पक्षी वेगळा करावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. हे सगळे नाही अशी खात्री झाल्यावरच पुढचा भाग उपयोगी आहे.

पहिले चार दिवस

या दिवसांत पिल्लू दाणा खातच नाही. नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीचे अस्तर, अंडी फुटायच्या दोन-तीन दिवस आधी जाड होऊ लागते आणि त्याच्या पेशी चरबीने भरून सुटतात. तोच दह्याच्या कवडीसारखा पांढरट पदार्थ म्हणजे कबुतराचे दूध. ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या प्रभावाने तयार होते, आणि या संप्रेरकाला नाव मिळाले तेच मुळी कबुतराच्या अन्नपिशवीवर 1933 साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून. पाणी वगळले तर या दुधात निम्म्याहून अधिक प्रथिने आणि साधारण तिसरा हिस्सा स्निग्ध पदार्थ असतात, पिष्ट जवळजवळ नसतेच. दाण्यांचा कोणताही भरडा किंवा पेज त्याची जागा घेऊ शकत नाही याचे कारण या घडणीतच आहे.

म्हणून या टप्प्यावर पिल्लू अडले तर पिल्लाकडे पाहून उपयोग नाही, मायबापांकडे पाहावे. अंडी घालण्याच्या आधीपासून जोडी निकृष्ट दाण्यावर असेल तर दूध कमी पडते, आणि दोन पिल्लांना पुरेल एवढे नसले की पहिले फुटलेले पिल्लू ते सगळे ओढून घेते. आहार सुधारायचा तर तो जोडी लावण्याच्या निदान दोन आठवडे आधी सुधारावा लागतो; अंडी फुटल्यावर सुरू केलेले चांगले दाणे त्या खेपेच्या पहिल्या चार दिवसांना फारसे कामाला येत नाहीत.

मात्र दोनच पिल्लांपैकी एकच मागे असेल आणि दुसरे उत्तम वाढत असेल, तर कारण बहुधा दुधाचे प्रमाण नसून वेळेचे अंतर असते. मादी पहिले अंडे संध्याकाळकडे घालते आणि दुसरे साधारण 40 ते 44 तासांनी. मध्यंतरी ती पहिल्या अंड्यावर बसून राहिली तर ते आधी फुटते, आणि जे पिल्लू अर्धा-पाऊण दिवस आधी दूध प्यायला लागते ते वजनात दुप्पट होण्याच्या वाटेवर असताना दुसरे जेमतेम मान उचलत असते. यावर उपाय सोपा आहे. पहिले अंडे दिसताच ते अलगद उचलून वाटीत कोरड्या दाण्यांवर, सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा फिरवावे, घरट्यात त्याच आकाराचे लाकडी अंडे ठेवावे, आणि दुसरे अंडे आल्यावर दोन्ही एकत्र मांडावीत. दोन्ही पिल्ले त्यानंतर थोड्याच तासांच्या अंतराने फुटतात. तरीही तफावत राहिली आणि शेजारच्या घरट्यात त्याच वयाची पिल्ले असतील, तर पहिल्या आठवड्यात लहान पिल्लू लहानाबरोबर आणि मोठे मोठ्याबरोबर अशी अदलाबदल करावी. या वयात जोडी परक्या पिल्लाला निमूटपणे भरवते.

या वयाच्या पिल्लाला घरात आणून दूधभात भरवण्याची मोठी चूक आपल्याकडे घरोघर होते. ती मायेपोटी होते हे मला माहीत आहे, पण पक्ष्याच्या पोटाला गाईम्हशीच्या दुधातली साखर पचत नाही, दूध अन्नपिशवीत आंबते आणि पिल्लू दुसऱ्या दिवसापर्यंत जाते.

पाचवा ते बारावा दिवस: सर्वांत जास्त पिल्ले इथे अडतात

पाचव्या दिवसाच्या सुमारास मायबाप दुधात भिजलेले दाणे मिसळू लागतात आणि दहाव्या दिवसानंतर दूध जवळजवळ संपते. पिल्लाच्या अंगावर पिसांच्या नळ्या फुटण्याचा काळ हाच असतो; पिसे बव्हंशी प्रथिनांचीच बनलेली असतात, तेव्हा ज्या दिवसांत प्रथिनांची गरज सर्वांत मोठी असते, नेमक्या त्याच दिवसांत पिल्लू प्रथिनांनी भरलेल्या दुधावरून तुमच्या डब्यातल्या दाण्यावर येते. डब्यात काय आहे यावर पुढचे सगळे ठरते.

कोकणात डब्यात काय असते हे मी माझ्याच उदाहरणावरून सांगतो. भात आपल्या शेताचा, म्हणून तो जवळजवळ फुकट. मका आणि ज्वारी घाटावरून येतात, म्हणून ती विकत. कडधान्य महाग, म्हणून ते मूठभर. माझे मिश्रण कित्येक वर्षे निम्मे भात आणि निम्मा मका असे होते आणि वर शोभेपुरते मूग. आता हिशेब पाहावा. भातात साधारण 7 ते 8 टक्के प्रथिने असतात, मक्यात 8 ते 9. म्हणजे कसेही मिसळले तरी मिश्रण 8 टक्क्यांच्या आसपास राहते. पिल्ले वाढवणाऱ्या जोडीला मात्र 14 ते 16 टक्के प्रथिनांचा आहार लागतो. उडणाऱ्या रिकाम्या नराचे त्या मिश्रणावर भागत होते, म्हणून ते चांगले आहे असा माझा समज झाला होता. पिल्लांचे भागत नव्हते.

सध्या मी दहा किलोचे मिश्रण असे करतो: पिवळा मका 3 किलो, ज्वारी दीड किलो, गहू दीड किलो, बाजरी अर्धा किलो, वाटाणा दीड किलो, मूग 1 किलो, मसूर अर्धा किलो आणि करडई अर्धा किलो. मक्यातून सुमारे 270 ग्रॅम प्रथिने येतात, ज्वारीतून 150, गव्हातून 180, बाजरीतून 55, वाटाण्यातून 330, मुगातून 240, मसुरातून 125 आणि करडईतून 75. बेरीज 1,425 ग्रॅम होते, म्हणजे मिश्रण 14 टक्क्यांच्या थोडे वर जाते. कडधान्ये तीन किलोच आहेत, पण निम्मी प्रथिने तीच देतात. शिवाय प्रश्न नुसत्या आकड्याचा नाही. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आल्यावरच पिल्लाला अंग भरण्यासाठी लागणारा संच पुरा होतो. आपण वरणभात खातो तेव्हा हेच घडते. मका पिवळाच घ्यावा, कारण अ जीवनसत्त्वाला लागणारे द्रव्य त्याच्या रंगात असते. पांढऱ्या ज्वारीत ते नसल्यासारखेच असते.

कडधान्यांच्या बाबतीत दोन-तीन इशारे देणे आवश्यक आहे. कुळीथ आपल्या मातीतला आणि स्वस्त, म्हणून वाटाण्याच्या जागी सगळे कुळीथच घालण्याचा मोह होतो. पण कच्च्या कुळथात प्रथिने पचू न देणारी द्रव्ये असतात, तेव्हा ते मूठभरच असावेत. कच्चे सोयाबीन याच कारणासाठी वर्ज्य मानावे. कच्चा राजमा तर विषारीच असतो, आणि लाख या कडधान्याचे दाणे मज्जासंस्थेला अपाय करतात. किराणा दुकानातून किंवा घरातल्या साठ्यातून घेतलेल्या कडधान्याला बोरिक पावडर चोळलेली असेल, अथवा पेरणीसाठी रंगीत औषध लावलेले बियाणे उरलेले असेल, तर ते कबुतरांच्या जवळही नेऊ नये.

मिश्रण योग्य असूनही पिल्ले अडतात, याचे एक कारण दाणा देण्याच्या पद्धतीत असते. कबुतर निवडून खाते. भांडे सदा भरलेले ठेवले आणि रोज वरून नवा दाणा ओतला, तर पक्षी आवडीचे वेचतात आणि नावडते तळाशी साठते. चार दिवसांनी तुम्ही लिहिलेले मिश्रण आणि पिल्लांच्या पोटात गेलेले मिश्रण या दोन वेगळ्या वस्तू झालेल्या असतात. एकदा रात्री सगळे भांडे कागदावर ओतून पाहावे, काय उरले आहे ते डोळ्यांना दिसते. माझ्या भांड्यात तेव्हा जवळजवळ सगळा भात आणि बराचसा वाटाणा उरला होता. त्यानंतर मी दिवसातून तीनदा मोजून देऊ लागलो आणि आधीचे बहुतेक संपल्याशिवाय पुढचे टाकत नाही. मध्यम जातीचे कबुतर दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे 30 ते 40 ग्रॅम खाते. वाढती पिल्ले असलेल्या जोडीला याच्या दुप्पट धरावे आणि पिल्ले मोठी होतील तसे आणखी वाढवावे. मोजून देणे याचा अर्थ उपाशी ठेवणे असा मात्र कोणी करू नये.

दाण्याचा आकारही इथे महत्त्वाचा आहे. लहान चोचीच्या जातींत सहा-सात दिवसांच्या पिल्लाच्या घशातून मक्याचा मोठा दाणा नीट उतरत नाही, आणि घरट्यात मका उलटून पडलेला दिसतो. अशा जोड्यांना पिल्ले दहा दिवसांची होईपर्यंत मका कमी करून ज्वारी, मूग आणि मसूर वाढवावेत. मका भरडून देण्याचा उपाय पावसाळ्यात करू नये, कारण फुटलेला दाणा ओल धरतो आणि दोन दिवसांत कुबट होतो.

आता पाणी. मायबाप दाणा खातात, लगेच पाणी पितात, आणि मग भरवतात. दुपारी भांडे कोरडे पडले तर कोरडा दाणा पिल्लाच्या अन्नपिशवीत घट्ट बसतो, किंवा जोडी भरवायचेच टाळते. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते, आणि आपल्या जिभेला ते थोडेसेच खारट लागले तरी इवल्या पिल्लाच्या मूत्रपिंडांना तो भार असतो. उन्हाळ्यातल्या खेपेत पिल्ले पाचव्या-सहाव्या दिवशी सुकल्यासारखी दिसत असतील, तर दाण्याआधी पाण्याकडे पाहावे आणि नळाचे किंवा डोंगराकडच्या विहिरीचे पाणी आणावे.

ओला दाणा

याच वयात दोन्ही पिल्ले सारखीच खुरटली, शेजारच्या तीन-चार घरट्यांतही तसेच दिसू लागले, आणि मायबापही मलूल असतील, तर मिश्रणाचे प्रमाण तपासत बसण्याआधी डब्यात हात घालून दाणा नाकाजवळ न्यावा. साठवणुकीसाठी धान्यातली ओल 12 ते 13 टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि आषाढातली आपली हवा ती तशी राहू देत नाही. उघड्या पोत्यातला मका पंधरा दिवसांत हवेतली ओल पितो, मग त्याच्या अंकुराच्या टोकाशी हिरवट किंवा काळपट भुकटी दिसू लागते. त्या बुरशीपैकी काहींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृत बिघडवते आणि कोवळ्या पिल्लांवर त्याचा परिणाम मोठ्या पक्ष्यांच्या कितीतरी आधी होतो. मका आणि भुईमूग यांत त्याचा धोका विशेष आहे.

इथे एक गैरसमज खोडून काढला पाहिजे, कारण मी स्वतः तो बाळगून होतो. बुरशी आलेला दाणा धुतला, उन्हात घातला, तव्यावर भाजला, की बुरशी दिसेनाशी होते आणि वासही जातो. पण विष उष्णतेला दाद देत नाही, ते दाण्यातच राहते. असा दाणा कोंबड्यांना किंवा गुरांनाही घालू नये, पुरून टाकावा. त्यात पैसे जातात, हे खरे आहे. एका पावसाळ्यात मी पाऊण पोते मका वाचवण्याच्या नादात लागोपाठ तीन खेपांची पिल्ले घालवली, आणि त्यानंतर पोत्याच्या किमतीचा विचार करणे सोडले.

विकत घेतलेला दाणा जिवंत आहे की नाही हे पाहण्याची एक घरगुती परीक्षा आहे. पिशवीच्या वरून, मधून आणि तळातून मिळून शंभर दाणे घ्यावेत, रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत आणि तीन-चार दिवसांनी मोड मोजावेत. ऐंशीच्या वर दाण्यांना मोड आले तर दाणा चांगला. निम्मेच मोडले आणि उरलेले बुळबुळीत झाले, तर तो दाणा कितीही चकचकीत दिसत असला तरी परत करावा. दुकानदार सहसा कुरकुरत नाही, कारण मोजलेले मोड त्याच्यासमोर असतात.

साठवणीसाठी आपल्याकडची आगोटीची, म्हणजे पावसाआधी वर्षाचा साठा करून ठेवण्याची, पद्धतच उत्तम आहे. फक्त ती माणसांच्या तांदळाइतक्याच काळजीने कबुतरांच्या दाण्याला लावली पाहिजे. मे महिन्याच्या कडक उन्हात दाणा दोन दिवस वाळवावा, मग तो सावलीत पूर्ण थंड होऊ द्यावा आणि नंतरच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिंपात भरावा. गरम दाणा भरून झाकण लावले तर आतल्या आत घाम सुटतो आणि आपणच बुरशीची सोय करून ठेवतो. पिंप भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावे. एका मोठ्या पिंपापेक्षा पंधरा-पंधरा दिवसांचे छोटे डबे बरे, कारण दर उघडण्याबरोबर ओली हवा आत जाते. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो खडखडीत वाळलेला असावा. दाण्यात कीड लागू नये म्हणून विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे; ती कबुतरांनाच नव्हे, तर घरातल्या माणसांनाही जीवघेणी ठरू शकते.

पाय पसरलेले, हाड वाकलेले

वजन ठीक वाढते आहे, पण पिल्लू पायांवर उभे राहत नाही, अशी तक्रार आली तर प्रथम घरट्याचा तळ पाहावा. गुळगुळीत फळीवर किंवा कागदावर वाढलेल्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि आठवडाभरात तसेच राहतात. त्याचा आहाराशी संबंध नाही. मातीच्या पसरट भांड्यात नारळाच्या झावळीचे हीर वीतभर तुकडे करून घातले की मादी ते स्वतः रचून घेते, पिल्लाच्या नखांना धर मिळतो आणि खालची ओलही निथळते. नुसता काथ्या घालू नये, त्याचे धागे पायांना गुंडाळतात.

तळ खरबरीत असूनही हाडे मऊ लागत असतील, छातीचे हाड वाकडे होत असेल, किंवा मादी पातळ कवचाची अंडी घालत असेल, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचा विचार करावा. धान्यात कॅल्शियम नगण्य असते, हे आकड्यांवरून कळते. मक्यात ते शेकडा तीन शतांशाच्याही आत असते. समुद्रकिनाऱ्यावर राहून आपल्या कबुतरांना कॅल्शियम कमी पडावे, ही गोष्ट मला फार लागते. कालवांची आणि तिसऱ्या या शिंपल्यांची कवचे आपण परसात फेकतो, आणि त्यांत सुमारे 38 टक्के कॅल्शियम असते. ती उकळावीत, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावीत म्हणजे मीठ आणि मांसाचा अंश जातो, उन्हात वाळवावीत, कुटून तांदळाच्या ते मसुराच्या दाण्याएवढी करावीत आणि पीठ चाळून टाकावे. त्यात तेवढ्याच आकाराची काळ्या दगडाची बारीक खडी मिसळावी, कारण कबुतराला दात नाहीत, अख्खा दाणा भरडायला पोटात कठीण खडा लागतो. जांभा यासाठी उपयोगी नाही, तो लगेच विरघळल्यासारखा होतो. किनाऱ्याची वाळू खारट असते, ती धुतल्याशिवाय घालू नये. हे मिश्रण पावसाळ्यात दोन दिवसांपुरतेच भांड्यात घालावे, कारण ओलावलेले, धूळ बसलेले खडे कबुतरे खात नाहीत आणि भांडे भरलेले दिसल्यामुळे आपली मात्र समजूत होते की त्यांना पुरेसे मिळते आहे.

कवचे देऊनही हाडे सुधारली नाहीत, तर ऊन नाही. जून ते सप्टेंबर ढगांखाली आणि माडांच्या गर्द सावलीत असलेल्या ढाबळीत पक्ष्याला अंगावर ऊन घेताच येत नाही, आणि ड जीवनसत्त्वाशिवाय पोटात गेलेले कॅल्शियम हाडापर्यंत पोचत नाही. काचेतून किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आलेला उजेड या कामाचा नाही, त्यातला आवश्यक किरणांचा भाग गाळला जातो. ढाबळीला पूर्वेकडून जाळीचा, वर उघडा असा एक छोटा सज्जा असावा, म्हणजे उघडीप मिळेल तेव्हा पक्षी तिथे पंख पसरून बसतात. ड3 जीवनसत्त्वाचे औषध पशुवैद्यांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. जास्त झाले तर ते मूत्रपिंडांत चुना साठवते. माशाचे यकृततेल दाण्याला चोळून दिले तर तो दाणा त्याच दिवशी संपला पाहिजे, आपल्या दमट हवेत ते लवकर खवट होते.

पायांची बोटे आत वळलेली असतील किंवा पिल्ले कवचातच मरत असतील, तर ब गटातल्या रायबोफ्लेविनची उणीव हे एक संभाव्य कारण असते. मोड आलेले मूग आणि शेवग्याचा किंवा माठाचा कोवळा पाला आठवड्यातून दोनदा दिला, तर मदत होते. मोड मात्र त्याच दिवशी धुऊन द्यावेत आणि उरलेले संध्याकाळी काढून टाकावेत.

चौदावा ते बाविसावा दिवस

इथपर्यंत उत्तम आलेले पिल्लू अचानक थांबले, दाणा चांगला, पाणी चांगले, तोंड स्वच्छ, तर मादी कुठे बसली आहे ते पाहावे. पिल्ले दोन-तीन आठवड्यांची होताच पुष्कळ जोड्या पुन्हा अंडी घालतात, मादीचे लक्ष नव्या अंड्यांकडे जाते आणि दोन्ही पिल्ले एकट्या नरावर पडतात. नर ज्याची चोच आधी वर येते त्याला भरवतो. दुबळे पिल्लू दोन दिवस मागे राहिले की त्याची मागण्याची शक्तीच जाते. जोडीला पहिल्यापासून दोन घरटी द्यावीत, म्हणजे नवी अंडी पिल्लांच्या पायाखाली येत नाहीत. पिल्लांच्या घरट्यासमोर सपाट भांड्यात मूग, मसूर आणि ज्वारी ठेवावी, म्हणजे ती अठराव्या-विसाव्या दिवसापासून टोचायला शिकतात. नर अगदीच थकलेला दिसला तर नवी अंडी काढून लाकडी अंडी ठेवणे मला योग्य वाटते.

मागे पडलेल्या पिल्लाला या वयात हाताने भरवता येते. वाटाणा किंवा मूग आठ-दहा तास भिजवावा, कोमट पाण्यातून काढावा, चोच अलगद उघडून जिभेच्या मागे एकेक दाणा ठेवावा आणि अन्नपिशवी मऊ भरली की थांबावे. घट्ट फुग्यासारखी होऊ देऊ नये. दिवसातून दोनदा पुरते. आधीची पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरवू नये. पिल्लू शक्यतो घरट्यातच ठेवावे, म्हणजे नरही त्याला सोडत नाही.

आषाढ-श्रावणात पिल्ले काढूच नयेत असे माझे मत होत चालले आहे. मृगाच्या आधी नर-मादी वेगळे केले, पिसे झडण्याच्या काळात त्यांना विश्रांती मिळाली आणि कार्तिकात कोरड्या हवेत पुन्हा जोड्या लावल्या, तर तीच जोडी, तोच डबा आणि तेच हात असूनही काट्यावरचे आकडे वेगळे येतात. ज्यांना पावसाळ्यात पिल्ले हवीच असतील त्यांनी जोड्या निम्म्या कराव्यात आणि दाणा दर पंधरा दिवसांनी नवा आणावा.

पिल्लू 28 ते 35 दिवसांचे झाले आणि स्वतः दाणा टिपून पाणी पिऊ लागले की ते वेगळे करता येते. वेगळे करण्याच्या दिवशी पाण्याच्या भांड्यात त्याची चोच एकदा हलकेच बुडवून त्याला जागा दाखवावी, आणि पुढचे तीन दिवस पुठ्ठ्यावर वजन लिहीत राहावे. या तीन दिवसांत थोडी घट येते, चौथ्या दिवशीही ती थांबली नाही तर पिल्लू आणखी आठवडाभर नरापाशी परत ठेवावे.